पडक्या घरी पाहुणे म्हणून जाताना

भंडारा जिल्ह्यात असं गाव क्वचितच सापडेल, जिथे एक तरी घर रिकामं पडलेलं नाही. कवेलू घसरलेले, खालच्या बांबूच्या कमच्या उघड्या पडलेल्या, छपराची मयाल, म्हणजे तुळई, मधोमध वाकलेली, आंगणात रुई आणि तरोटा माजलेला. अशा घराकडे पाय आपसूक वळतात. पूर्वी पोरं जायची, आता कॅमेरा घेतलेले तरुण जातात, आर्किटेक्चरचे विद्यार्थी जातात, आजोबांच्या गावाचं नाव तेवढं ठाऊक असलेली पुण्या-मुंबईची माणसं जातात. हा मजकूर त्यांच्यासाठी आहे. आत काय पाहायचं यापेक्षा आत कसं पोचायचं यावर तो जास्त बोलतो, आणि ते मुद्दाम. रिकामं घर पाहण्याचं निम्म्याहून अधिक काम घराबाहेर होतं. ते टाळून सरळ कडी काढणाऱ्याला आत भिंती दिसतात, घर दिसत नाही.

घर सुटलं कशामुळे, हे सर्वांत आधी विचारा. आपल्या भागात याची कारणं फार वेगवेगळी आहेत आणि प्रत्येक कारणाबरोबर तुमची वागणूक बदलायला हवी.

सगळ्यात जास्त आढळणारी गोष्ट सगळ्यात साधी आहे. इंदिरा आवासमध्ये, आणि २०१६ नंतर पंतप्रधान आवासमध्ये, घरकुल मिळालं. आंगणाच्या एका बाजूला विटा-सिमेंटच्या खोल्या उठल्या आणि मातीचं जुनं घर तसंच राहिलं. कुटुंब तिथेच आहे, दहा पावलांवर. जुन्या घरात काड्या, शेणाच्या गोवऱ्या, मोडका वखर आणि एखादी शेळी असते. बाहेरच्या माणसाला ते ‘ओसाड’ वाटतं. घरच्या बाईला ती तिची कोठी असते. तिला न विचारता आत डोकावणं म्हणजे कोणाचं तरी कपाट उघडणंच.

दुसरा प्रकार मालगुजारी वाड्यांचा. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. १९५० च्या कायद्याने मालगुजारांचे, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांचे, हक्क काढले गेले आणि ३१ मार्च १९५१ पासून गावं सरकारकडे आली. तलावसुद्धा आले, आज आपण ज्यांना मामा तलाव म्हणतो ते हेच, माजी मालगुजारी. वाडे मात्र कुटुंबांकडे राहिले. उत्पन्न गेलं, सागवानी खांबांवरचा दुमजली पसारा सांभाळायला माणसं उरली नाहीत, पुढच्या पिढ्या नागपूरला गेल्या. अशा वाड्याला मालक नसतो असं नाही. उलट फार मालक असतात. वारसांची यादी लांबलचक, त्यात दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद. एकाने ‘जा, पाहून या’ म्हटलं तरी दुसऱ्याचा फोन पोलीस पाटलाकडे जाऊ शकतो. वाद चालू असलेल्या वाड्यात शक्यतो जाऊच नका. जायचंच असेल, तर गावात राहणाऱ्या भाऊबंदांपैकी एकजण बरोबर असू द्या.

तिसरा प्रकार धरणाचा. पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसेखुर्दचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते झालं. तेहतीस दरवाज्यांच्या या धरणाचं पाणी भंडारा आणि नागपूर अशा दोन जिल्ह्यांतल्या गावांवर चढलं. घरं टप्प्याटप्प्याने सुटली. नव्या गावठाणात जाताना माणसं चौकटी, दारं, मयाली, चांगले कवेलू काढून नेतात. मागे उरतात त्या बिनछपराच्या भिंती, आणि मातीची भिंत डोक्यावर छप्पर नसताना फार पावसाळे काढत नाही. इथे जमीन संपादित झालेली असते, म्हणजे मालक सरकार. पण मोबदल्याच्या आणि पुनर्वसनाच्या कहाण्या अजून ओल्या आहेत. तिथल्या म्हाताऱ्या माणसाला ‘हे भग्नावशेष किती सुंदर दिसतात’ असं चुकूनही म्हणू नका.

चौथा प्रकार पुराचा. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेला मोठा पूर आला, भंडारा शहरापासून पवनीपर्यंत नदीकाठची घरं पाण्यात गेली. मातीची बरीच घरं त्यानंतर पुन्हा नांदती झाली नाहीत.

कोणाचं घर, हे कागदावर कसं शोधायचं

गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. शहरातून आलेले लोक तलाठ्याकडे (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी) घराचा सातबारा मागतात आणि रिकाम्या हाताने परततात. सातबारा आणि आठ-अ शेतीचे. घरासाठी ग्रामपंचायतीत जायचं आणि नमुना ८ पाहायचा, म्हणजे घरकर आकारणीची नोंदवही. त्यात घर क्रमांक, मालकाचं नाव, कधी भोगवटादाराचं वेगळं नाव, घर मातीचं की पक्कं, अशी माहिती असते. ही नोंद कर घेण्यासाठी असते, ती मालकीचा शेवटचा पुरावा नव्हे. पण कोणाला फोन करायचा हे कळायला पुरेशी असते. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजली जाऊ लागली. तुमच्या गावात ते काम पूर्ण झालं असेल, तर मिळकत पत्रिकाही पाहता येते.

ज्यांना स्वतःच्याच पूर्वजांचं घर शोधायचंय त्यांनी आणखी मागे जावं. तहसीलच्या अभिलेख कक्षात १९५४-५५ ची अधिकार अभिलेख पंजी असते, निस्तार पत्रक (गावाच्या सामाईक वापराच्या हक्कांची नोंद) असतं, आणि कोतवाल बुक असतं. गावच्या कोतवालाने लिहिलेली ही जन्म-मृत्यूची वही जातीच्या दाखल्यासाठी लोक शोधतात, त्यामुळे तिथल्या कर्मचाऱ्यांना ती मागणाऱ्यांची सवय असते. वारशाची गोष्ट जुळवायला यापेक्षा चांगला कागद मला माहीत नाही. नोंदी कधी मराठीत, कधी हिंदीत. ‘वल्द’ म्हणजे वडिलांचं नाव, ‘मौजा’ म्हणजे गाव, एवढं डोक्यात ठेवलं की वाचता येतात. आडनाव शोधत बसू नका. जुन्या नोंदीत ते पुष्कळदा नसतंच. नाव, बापाचं नाव आणि जात एवढंच असतं.

मोजण्यासारखी माहिती कागद देतो. घर रिकामं का पडलं हे मात्र माणसंच सांगतात, आणि ती भेटायची खात्रीची वेळ म्हणजे मंडई. दिवाळीची भाऊबीज झाली की गावोगाव मंडया भरतात, रात्री दंडार किंवा नाटक असतं, आणि नागपूर-पुण्याला गेलेली माणसं तेवढ्यासाठी गावी येतात. एरवी ज्या घराचं कुलूप पाहून परत फिरावं लागतं, त्या घराचा धाकटा मुलगा मंडईत पानठेल्यावर उभा सापडतो. ओळख तेव्हा करा. घरात शिरायचं ते जानेवारी-फेब्रुवारीत.

गावात पाय ठेवला की विचारणा होणारच: ‘कोणाकडचे पाहुणे जी?’ या प्रश्नाला सरळ उत्तर तयार ठेवा. नाव, गाव, कोणाच्या ओळखीने आलात, कशासाठी आलात. सरपंच किंवा पोलीस पाटलांना आधी भेटा, जमलं तर एकदा फोन करून. संध्याकाळी, अंधारात, मोठ्या गाडीतून चार-पाचजण उतरून पडक्या वाड्याकडे चालले, तर गाव एकच अर्थ काढतं: गुप्तधन.

हा संशय हसण्यावारी नेऊ नका. जुन्या वाड्यात पैशांचा हंडा पुरलेला असतो ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे आणि तिच्यापायी भयंकर प्रकार झालेले आहेत. म्हणूनच २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या नावाखाली केलेल्या अघोरी कृत्यांचा स्पष्ट समावेश आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. तुमच्या पिशवीत फावडं, सब्बल, कुदळ, मेटल डिटेक्टर यांतलं काहीही नको. आणि समजा भिंत ढासळलेल्या जागी खरोखरच नाणी दिसली, तर १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. दहा रुपये ही रक्कम तेव्हाची आहे, हसू येतं, पण कायद्यात तीच आहे.

परवानगी हा नुसता शिष्टाचार नाही, हेही सांगून टाकतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ प्रमाणे गृह-अतिक्रमणाला एक वर्षापर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यासाठी वाईट हेतू असावा लागतो हे खरं. पण तुटलेल्या कुलपाशेजारी उभं राहून आपला हेतू चांगला होता हे ठाणेदाराला पटवून देणं जड जातं. जंगलालगतच्या रिकाम्या वस्तीचं प्रकरण आणखी वेगळं. कोका, नागझिरा, उमरेड-कऱ्हांडला या अभयारण्यांच्या हद्दीत वनविभागाच्या परवानगीशिवाय पायच ठेवता येत नाही.

आत शिरण्याआधी भिंतीला विचारा

आता घर. दारातून आत जाण्याआधी बाहेरून एक पूर्ण फेरी मारा, सांदवाडीकडून, म्हणजे परसाकडूनसुद्धा. सांदवाडीत जाताना हातात लांब काठी हवी आणि पुढची प्रत्येक जागा ठोकून पाहायची, कारण विहीर तिथेच असते. जुन्या विहिरींना पुष्कळदा कठडा नसतो, वरून गवत आणि वेली झाकून घेतात. अशा विहिरीत वस्तू पडली तर ती गेली असं समजा. बंद विहिरीतल्या वायूने गुदमरून माणसं मरतात आणि त्यांना काढायला उतरलेलीही मरतात.

मातीची भिंत दोन ठिकाणी दगा देते, पायथ्याशी आणि माथ्याशी. पायथ्याशी पागोळ्यांचं पाणी उडून माती खचते आणि भिंत आतून पोखरल्यासारखी दिसते. माथ्याशी कवेलू सरकले की पाणी सरळ भिंतीच्या पोटात उतरतं. वरपासून खालपर्यंत उभी भेग, भिंतीला आलेलं पोट, चौकटीच्या वर तिरकी गेलेली फट, यांतलं एक जरी दिसलं तरी आत जाऊ नका. भिंती पावसाच्या ऐन माऱ्यात पडतात असं आपण मानतो; उघडीप पडून उन्हाने वाळू लागतानाही त्या तितक्याच बसतात. म्हणून पावसाळा सुरू झाल्यापासून ऑक्टोबरपर्यंतचा काळ पूर्ण वर्ज्य. दारांना धक्का देऊ नका. पडक्या घरात कित्येकदा चौकटच वरच्या भिंतीला धरून असते.

लाकडाला उधई, म्हणजे वाळवी, लागली आहे का हे ठरवताना दिसण्यावर जाऊ नका. वरून मयाल धड दिसते, आत भुसा असतो. काठीने ठोका, भरीव लाकूड खणखणीत बोलतं, खाल्लेलं भदभदा. माडीवर जायचा मोह सगळ्यांना होतो, तो आवरा. जिन्याच्या पायऱ्या भक्कम असल्या तरी वरची जमीन फळ्यांवर माती थापून केलेली असते आणि त्या फळ्या खालून पाहिल्याशिवाय त्यांचा भरवसा नाही. खालून पाहिल्या, ठीक वाटल्या, तरी भिंतीच्या कडेकडेने एकेकानेच चालायचं. खरं सांगायचं तर माडी खालूनच पाहावी असं माझं मत आहे.

गोसेखुर्दच्या बुडीत क्षेत्रातल्या जागांचं वेगळंच आहे. जलाशय भरलेला असताना तिथे पोचता येत नाही आणि उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी जमीन वरून सुकलेली, खालून दलदल असते. तडे गेलेला गाळ माणसाचं वजन पेलेल असं वाटतं आणि मांडीपर्यंत पाय जातो. त्यात नाग नदीतून नागपूरचं सांडपाणी येतं, जलपर्णी पसरते. ती जमिनीवर वाळून हिरवळीसारखी दिसते. स्थानिक ढिवर बांधव कुठून चालतात ते पाहा, त्याच वाटेने जा, तेही त्यांना विचारून.

सोबत काय न्यावं? घोट्याच्या वर जाणारे बूट, जाड फुलपँट, पूर्ण बाह्या, टोपी किंवा हेल्मेट, दोन टॉर्च, काठी, मास्क, पाणी. वटवाघळांची विष्ठा वाळून धूळ झालेली असते, ती श्वासात नको. एकटं जाऊ नका. तिघं असाल तर एकाने बाहेर थांबावं आणि त्याच्याकडे रेंज असलेला फोन असावा.

साप असतात. उंदीर मातीच्या भिंतीत बिळं करतात, त्यांच्यामागे नाग येतो. रचून ठेवलेल्या कवेलूंमध्ये आणि काड्यांच्या ढिगात मण्यार बसते. आंगणातल्या वाळल्या गवतात घोणस, आपल्याकडची परड, असते. जिथे डोळ्यांना दिसत नाही तिथे हात घालायचा नाही, हा एक नियम पाळला तरी बहुतेक धोका टळतो. कोनाडा, धान साठवायच्या ढोलीचं तोंड, चुलीची राख, फळीमागची फट, सगळीकडे आधी उजेड, मग काठी, आणि हात शेवटपर्यंत नाहीच. मण्यारचा दंश फार दुखत नाही, खूण नीट दिसत नाही, म्हणून लोक ‘काही नाही’ म्हणून घरी जाऊन झोपतात, आणि तेच जिवावर बेततं. दंशाची शंका जरी आली तरी अवयव हलवू नका, घट्ट आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, झाडफुंक करणाऱ्याकडे वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने जवळचं ग्रामीण रुग्णालय गाठा. प्रतिसर्पविष तिथे मिळतं. सापाला मारून सोबत नेण्याची गरज नसते.

सापापेक्षा मला गांधीलमाश्यांची भीती जास्त वाटते. वळचणीखाली त्यांचं पोळं असतं आणि दार ओढताच त्या उठतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडू लागली की जंगलकाठच्या गावांत अस्वलं फिरतात. पहाटे आणि संध्याकाळी तिकडे जायचं नाही. ताजी राख, रिकाम्या बाटल्या, प्लॅस्टिकचे कॅन, मोहाच्या सडव्याचा वास आला, तर तिथे हातभट्टी चालते असं समजा आणि फोटो न काढता परत फिरा. भुतांविषयी विचाराल, तर गाव ज्या घरात परेतीण आहे म्हणून सांगतं तिथे बहुधा असा धंदा तरी असतो किंवा वारसांचं भांडण तरी.

एवढं सगळं करून आत गेलात, तर पाहायला पुष्कळ आहे

सपरीत, म्हणजे ओसरीत, थांबा. डोळे अंधाराला सरावू द्या आणि जमिनीकडे पाहा. जमिनीत चौकोनी खड्डा असेल, बसल्यावर पाय सोडता येतील असा, तर तो मागाचा खड्डा. हे विणकराचं घर. पवनी, मोहाडी, आंधळगाव या भागांत कोष्टी विणकरांची घरं होती, आंधळगावचा कोसा आजही प्रसिद्ध आहे. जमिनीत गोल दगडी तोंड दिसलं तर ते उखळ, आणि त्याच्या आसपासची जमीन मुसळाच्या घावांनी खोल गेलेली असते. बांबूची विणलेली, शेणमातीने लिंपलेली उंच ढोली घराच्या धानाची ऐपत सांगते. गुरांचा कोठा घरापेक्षा मोठा असेल, तर या घरात बैलजोड्या जास्त होत्या.

छपराकडे पाहा. अर्धगोल देशी कवेलू गावच्या कुंभाराचे. चपटे, खाचा असलेले ते इंग्रजी कवेलू. त्यांच्या पाठीवर कारखान्याचं नाव छापलेलं असतं. भारतात या घडणीची सुरुवात मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये केली आणि नंतर ती देशभर पसरली. घराच्या पुढच्या भागावर इंग्रजी आणि मागे देशी कवेलू असतील, तर पैसा कधीतरी आला आणि दर्शनी बाजूवर खर्च झाला, एवढं निश्चित. पडलेल्या कवेलूवरचा छाप टिपून घ्या, घराच्या वयाचा अंदाज बांधायला तो उपयोगी येतो.

भिंतीवर थर असतात. पांढऱ्या मातीचा पोतारा, त्यावर निळीचा चुना, त्यावर एखाद्या लग्नात काढलेला हिरवा डिस्टेंपर. नदीकाठच्या घरात छातीच्या उंचीवर आडवी, फिकट तपकिरी रेघ दिसली, तर ती पुराची. स्वयंपाकघरात काजळी किती वरपर्यंत गेली आहे ते पाहा. धुराला वाट कुठून दिली होती हे त्यावरून कळतं. शेवटचं कॅलेंडर सापडलं तर घर कधी सुटलं हे समजलं असं वाटतं, पण सांभाळून: घर सुटल्यावरही कोणीतरी देवाची तसबीर म्हणून कॅलेंडर लावून जातं.

देवघराच्या जागी चपला काढा. देव नेलेले असले तरी. बरोबर आलेल्या घरच्या माणसाला ते दिसतं आणि त्यानंतर तो तुमच्याशी वेगळ्या आवाजात बोलू लागतो. त्याला प्रत्येक खोलीत एकच विचारा, इथे कोण झोपायचं. खोलीच्या लांबी-रुंदीपेक्षा या उत्तरात घराचा नकाशा जास्त असतो. मोजमाप मात्र घ्याच. टेप, वही आणि पेन्सिल; हाताने काढलेला नकाशा फोटोंपेक्षा टिकतो, कारण काढताना प्रत्येक दार कुठे उघडतं ते पाहावं लागतं.

उचलायचं काहीही नाही. पितळेचं भांडंही नाही, कवेलूचा तुकडाही नाही. शंभर वर्षांहून जुनी, इमारतीपासून सुटी झालेली कोरीव चौकट १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरू शकते; हस्तलिखिताला पंचाहत्तर वर्षं पुरतात. पवनीसारख्या गावात तर जास्तच जपावं. तिथला मातीचा कोट प्राचीन आहे आणि जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये उत्खनन होऊन बौद्ध स्तूप उजेडात आला. पायाखालची खापरंसुद्धा तिथे तुमची नसतात. पोथ्या, मोडी कागद, वह्या भिजत पडलेल्या दिसल्या, तर घरच्यांना सांगा, त्यांच्या संमतीने फोटो घ्या, आणि त्यांची इच्छा असेल तर नागपूरच्या विदर्भ संशोधन मंडळाचा पत्ता द्या. निर्णय त्यांचा.

फोटो इंटरनेटवर टाकताना गावाचं नाव आणि ठिकाण लिहू नका. सागवानी दारं आणि पितळ चोरणारेही ते पाहतात, आणि कुलूप आधीच कमजोर असतं. छापलेल्या फोटोंचा एक संच घरच्यांना पाठवा, मोबाइलवर नव्हे, कागदावर. म्हाताऱ्या आत्याबाई तो उशाशी ठेवतात आणि पुढच्या वेळी ज्या खोलीला कुलूप होतं तीही उघडली जाते.

परतल्यावर कपडे गरम पाण्यात धुवा, आंघोळ करा आणि काखा, जांघा, कमरेचा पट्टा नीट तपासा. गवतातल्या बारीक किडींच्या अळ्या चावून स्क्रब टायफस होतो. २०१८ मध्ये नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत त्याची मोठी साथ आली होती. चावलेल्या जागी दुखत नाही, पण काही वेळा काळी खपली धरते, सिगारेटचा चटका लागल्यासारखी. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर मलेरिया-डेंग्यूच्या तपासण्यांबरोबर डॉक्टरांना हेही सांगा की तुम्ही पडक्या घराच्या गवतात गेला होता. वेळेवर ओळखला तर साध्या गोळ्यांनी तो बरा होतो.